पोथी वाचणाऱ्या आनंदाबाई

नालवाडीत विमलाबाईंच्या घरी श्रावणात महिनाभर पोथी लागायची आणि ती वाचायच्या शेजारच्या आनंदाबाई. अकरा वर्षं हाच शिरस्ता. वर्ध्यातल्या एका छापखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली होती. मूळ प्रत त्या मोठ्यानं वाचायच्या आणि समोरचा माणूस छापलेला कागद तपासायचा. त्यामुळं वाचताना एक काना इकडचा तिकडे होत नसे.

देवावर मात्र त्यांचा विश्वास नव्हता. त्यामागं काही मोठं दुःख नव्हतं. लहानपणी सगळ्यांनी हात जोडले की त्याही जोडायच्या, डोळे मिटायच्या, आणि आत काहीच व्हायचं नाही. लग्नानंतर देवघर प्रभाकररावांनीच सांभाळलं. ते गेले, मुलगी रुचिका पुण्याला, आणि मग दिवस दिवस तोंड उघडायचं कारण उरेना. दूधवाल्याला ‘अर्धा लिटर’ म्हटलं की बोलणं संपलं. म्हणून त्या श्रावणाची वाट पाहत. चार वाजता बाया जमत, वाती वळत ऐकत. विश्वासाचं कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

गेल्या श्रावणात विमलाबाईंच्या सुनेनं, दिपालीनं विचारलं. तिच्या आठ महिन्यांच्या पोराच्या हृदयाला छिद्र निघालं होतं. चार दिवसांनी नागपूरला ऑपरेशन होतं. वाचन संपल्यावर ती पोराला खांद्यावर घेऊन जवळ आली.

"काकू, एवढ्या वर्षांपासून वाचून राह्यल्या तुमी. पोथीनं होते ना बरं? खरं सांगा."

पोथी फडक्यात बांधता बांधता आनंदाबाईंचे हात थांबले.

"डॉक्टर चांगले आहेत ना? त्यायच्यावर भरोसा ठेव. पोथीचं मले नाई सांगता येत, बाई. माहा विश्वासच नाई."

"मंग वाचता काऊन?"

"वाचाले आवडते मले."

प्रसादाचं ताट घेऊन विमलाबाई दारातच उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकाशी आल्या आणि औषधाची वेळ सांगावी तसं म्हणाल्या, "आजपासून येऊ नका, आनंदाबाई. लेकराचा जीव टांगणीले आहे. अशा वक्ताले मानणारं माणूस पायजे वाचाले."

चार वाजता भिंतीपलीकडून मोबाईलवरची पोथी ऐकू आली. वाचणारा घाईत होता, अक्षरं गिळत होता. तिसऱ्या दिवशी आनंदाबाई ऑटोनं गावात गेल्या, तीच पोथी विकत आणली आणि जिथं थांबल्या होत्या तिथून वाचायला लागल्या.

एका अध्यायात एक बाई बारा वर्षं नवऱ्याची वाट पाहते. तो परत येतो, देव प्रसन्न होतो, पुढच्या शंभर ओव्या त्याचंच कौतुक. बाईची बारा वर्षं मात्र एका ओळीत उरकलेली. बायांसमोर हे अकरा वेळा वाचलं होतं, पण तेव्हा लक्ष आवाजाकडे असायचं. आता त्या तिथंच अडकल्या. ही बाई जेवायची कोणासोबत? बोलायची कोणाशी? हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं म्हणून त्यांनी रुचिकाला फोन लावला.

"तू पोथी वाचतेस, आई? घरी, एकटी?" रुचिका खूश झाली. "बरं झालं. या वयात मन रमतं. मी मीटिंगमध्ये आहे, नंतर करते हं."

ऑपरेशन नीट पार पडलं. हे आनंदाबाईंना कळलं ते फाटकाच्या खांबावर कोणीतरी ठेवून गेलेल्या पेढ्यांच्या वाटीवरून.

दिवाळीच्या बाजारात दिपाली समोरच आली. कडेवर पोरगं, चांगलं गुटगुटीत. दोघींनाही बाजूला व्हायला जागा नव्हती.

"काकू, त्या दिवशी तुमी नुसतं हो म्हटलं असतं तं..."

"तं?"

"तं मी झोपली असती थोडी. चारच राती होत्या." तिच्या बोलण्यात राग नव्हता. होतं ते सांगितलं, एवढंच.

"आता झोपते का नीट?" आनंदाबाईंनी विचारलं.

"आता झोपतो आमी."

ती पणत्यांच्या दुकानाकडे वळली. आनंदाबाई काय घ्यायला आल्या होत्या ते विसरल्या आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आल्या. खुर्चीत बसून त्यांनी ते एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं, "हो बाई, होते बरं." मग पुन्हा एकदा. म्हणायला काही जड गेलं नाही. तेव्हा का जमलं नाही, ते मात्र त्यांना काही केल्या सांगता येईना.