दवाखान्यात मी सांगितलं नाही ते

असल्या विषयावर लिहिण्याइतका मी शिकलेलो नाही; चुकलं तर माफ करा. आज कॉलेजच्या जिन्यात फिनाईलचा वास आला आणि नववीतली एक दुपार आठवली.

गाव सोडून आम्ही कन्नड मुलखात आलो होतो; आई तिथं बेळ्ळंदूरच्या एका सोसायटीत जिने पुसायची. लघवीला आग होऊन ताप चढला, म्हणून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अम्मा, स्वल्प जास्ती नीरु कुडीरी." जास्त पाणी प्यायला सांगतायत, असं मी आईला म्हणालो.

"पिऊन जाऊ कुठं?" आई म्हणाली. "गडी भिंतीआड उरकतात. मुकादम आपल्याच गावाकडचा. आडनाव कळल्यापासून संडासाची किल्ली मला देत न्हाई. सांग की त्यांना."

कन्नड मलाच येत होतं. पण मागे बाकावर माणसं बसली होती. आपली जात उघडी पडेल, याची मला लाज वाटली. मी सांगितलं, "तिला पाणी प्यायची सवयच नाही."

बाईंनी गोळ्या लिहून दिल्या. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "बरं झालं, तू सगळं सांगितलंस."

त्यानंतरही ती पाच वर्षं तशीच तहानलेली राबली. काल तिचा रिपोर्ट आला. दोन्ही किडन्या निकामी होत आल्या आहेत.