सहा चाकांवरचं बिऱ्हाड

घराची एवढी ओढ असलेला माणूस सबंध पुणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि नेमका तोच माणूस महिन्यातले बहुतेक दिवस घराबाहेर असायचा. माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. बोरी बुद्रुकला त्यांचं घर, थोडी शेती आणि दारात एक सहाचाकी ट्रक. आमच्या भागातला कांदा भरायचा, बंगळूरला नेऊन उतरवायचा आणि येताना मिळेल तो माल घेऊन यायचं, असा त्यांचा धंदा. बाकीचे ड्रायव्हर गाडीत झोपायचे. दाजी गाडीत राहायचे. हा फरक मला त्यांनीच समजावून दिला. "पावणं, झोपाया काय, माणूस एसटी स्टँडावर बी झोपतं. राहाया मातुर घर लागतं."

नव्वद सालानंतर केव्हातरी त्यांनी हे घर मनावर घेतलं. सुरुवात बाजेपासून झाली. सीटच्या मागची फळी त्यांना टोचायची, म्हणून आळेफाट्याच्या सुताराकडून केबिनच्या मापाची चौकट करून घेतली आणि तिच्यावर काथ्या विणला. ती बाज नीट झाली की नाही हे पाहायला त्यांनी सुतारालाच तिच्यावर आडवं केलं, आणि सुताराला डोळा लागला तेव्हाच ती पसंत केली. मग अक्काच्या जुन्या फुलाफुलांच्या पातळाचे पडदे आले. मग पाण्याचा माठ आला. तो वळणावर लवंडायला लागला, तेव्हा स्कूटरचा जुना टायर आडवा ठेवून त्यात तो बसवला. मिक्सरच्या चटणीला चव नाही असं त्यांचं ठाम मत असल्यामुळे छोटा पाटा-वरवंटाही आला. एकदा खंबाटकी घाट उतरताना हा वरवंटा गडगडत ब्रेकखाली जाऊन बसला. दाजींचा क्लीनर वयानं त्यांच्याहून मोठा आणि अंगानं जड, पण त्या दिवशी तो माशासारखा सीटखाली शिरला म्हणून दोघं वाचले. घरी आल्यावर आम्हाला वाटलं, आता पाटा जाणार. पाटा गेला नाही. दाजींनी वरवंट्याला दोरी लावून तो वासरासारखा कोपऱ्यात बांधून टाकला.

केबिनच्या पायरीवर पायपुसणं होतं आणि चपला खाली काढूनच वर चढायची शिस्त होती. मार्केटातले हमाल हसायचे. दाजी मनावर घ्यायचे नाहीत. क्लीनरला त्यांनी भाडेकरूसारखं वागवलं. बिडी ओढायची तर बाहेर, आंघोळ केल्याशिवाय बाजेवर बसायचं नाही, आणि घरात शिवी द्यायची नाही. बिचाऱ्याला रस्त्यात कोणी आडवा आला, तर आधी काचेतून मुंडकं पुरतं बाहेर काढावं लागायचं आणि मग शिवी द्यावी लागायची. तोवर आडवा येणारा पार पुढे गेलेला असायचा.

माझं मंचरला विजेच्या सामानाचं दुकान होतं, त्यामुळे घरातली वायरिंग माझ्याकडे आली. बाजेशी छोटा पंखा, स्टोव्हजवळ दिवा, इथपर्यंत ठीक होतं. एक दिवस दाजी म्हणाले, "बेल बसवा."

"ट्रकला बेल कशाला, दाजी?"

"कोण आलं तर?"

"ट्रककडं कोण येणार?"

"येत्यात की. आन् काचंवर काठी वाजवत्यात. माणसाच्या घरावर अशी काठी वाजवतं का कोण?"

मी ट्रकच्या बॅटरीवर चालेल अशी बेल शोधून बसवली. मिळाली ती चिमणीच्या आवाजाची. पुढे कर्नाटकाच्या हद्दीजवळ एका हवालदारानं गाडी थांबवली आणि काठी उगारली, तर दारावर बटण दिसलं. त्यानं ते दाबलं आणि चिवचिवाट ऐकून रस्त्याकडेच्या झाडात पाहिलं. पुन्हा दाबलं, पुन्हा झाडात पाहिलं. तेवढ्यात दाजींनी दार उघडलं आणि म्हणाले, "या साहेब. बूट तेवढं खाली काढा." क्लीनर सांगतो की हवालदारानं खरोखर बूट काढले, आणि मोज्याला भोक असल्यामुळे एक पाय दुसऱ्याखाली घेऊन तो बाजेवर आलं घातलेला चहा पीत बसला. कागदपत्रं त्यानं पाहिली, पण जाताना दाजींना विचारून दार लावून घेतलं.

हे सगळं आम्हाला गमतीचं होतं. अक्काला नव्हतं. तिनं घरात नवी वस्तू आणली की पुढच्या खेपेला तसलीच वस्तू ट्रकमध्ये गेलेली असायची. तिनं मोर कोरलेला चहाचा डबा घेतला, दाजींनी जुन्नरचा बाजार पालथा घालून मोराचाच डबा मिळवला. तिनं गाळणी बदलली, त्यांनी बदलली. खेपेवरून आले की अक्काशी दोन शब्द बोलायच्या आधी ते सरळ स्वयंपाकघरात शिरायचे. अक्का वाढायला घ्यायची, तर हे म्हणायचे, "भूक न्हाई." आणि सकाळी पुन्हा गाडीवर. धाकट्या पुतणीच्या साखरपुड्याला ते हुबळीजवळ अडकून पडले आणि अक्काला सगळ्या पाहुण्यांत एकटीला मिरवावं लागलं, तेव्हा तिचा बांध फुटला. पिशवी भरून ती माझ्याकडे मंचरला निघून आली.

"दुसरं घर मांडलंय ह्यांनी," ती मला म्हणाली. "फकस्त बाई आणून बसवायची राहिलीया. मंग मी तिथं कशाला पायजे?"

अक्का रागावली की ओरडायची. त्या दिवशी ती हळू बोलत होती, म्हणून मला धास्ती वाटली. ती राहिली ते राहिलीच. दाजी खेपेवरून परस्पर माझ्याकडे आले. बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. माझ्या बायकोनं दिलेला चहा निवून गेला. शेवटी ते उठून आत गेले आणि अक्काला म्हणाले, "एक खेप माझ्यासंगं चल. मंग तुला काय म्हनायचं ते म्हन."

अक्का गेली. क्लीनरनं आनंदानं सुट्टी घेतली. पुढचं अक्कानं मला परत आल्यावर सांगितलं. पहिल्या दिवशी ती काचेबाहेर बघत राहिली. दाजींनी पिठलं केलं, ते चांगलं झालं होतं, याचाही तिला रागच आला. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रदुर्गाच्या अलीकडे तिला जाग आली. दाजी पाणी आणायला गेले होते. झोपेतच उठून तिनं चहाला आधण ठेवलं. हात गेला तिथे काडेपेटी होती. तिच्या शेजारी मोराचा डबा, त्याच्यामागे साखर, वरच्या खिळ्याला गाळणी, डावीकडे चिमटा. चहा उकळायला लागला आणि बाहेरून एका ट्रकचा हॉर्न वाजला, तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आपण बोरीला नाही. आपण चित्रदुर्गाला आहोत, आणि तरी एकही वस्तू शोधावी लागली नाही.

दाजी बादली घेऊन आले तशी ती म्हणाली, "हे असं कुणी लावलं?"

दाजी ओशाळले. "मीच. दुसरं कोण लावनार?"

"आवो, पर माझ्यावानी का लावलं?"

त्यांनी बादली खाली ठेवली. "सकाळी डोळं उघाडलं की मी कुठं हाय ते मला कळत न्हाई. लई भ्या वाटतं. मंग हात घालतो. चहाचा डबा जागच्या जागी घावला, की वाटतं, तू मागल्या दारी असशील, आत्ता येशील."

"आन् मी घरी डबं हलवलं तर?"

"म्हनून तर आल्या आल्या आदी सैपाकघर बघतो."

हे सांगताना अक्का हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. इतकी वर्षं तिला वाटत होतं, हा माणूस आल्या आल्या स्वयंपाकघरात तिच्या कामाची तपासणी करायला शिरतो. त्या खेपेनंतर ती बोरीला गेली. नंतर ती वर्षाकाठी एखादी खेप दाजींबरोबर करायला लागली, आणि बाजेखाली कचरा, माठाला शेवाळ, अशा तक्रारी काढून तिनं दाजींना त्यांच्याच घरात पाहुणा करून टाकलं. क्लीनरला मात्र तिनं आत बसून बिडी ओढायची परवानगी दिली.

गुडघे कुरकुरायला लागले तसा दाजींनी ट्रक विकला. घेणारा अवसरी खुर्दचा, तरुण, हसतमुख. त्यानं बाज, पडदे सगळं अदबीनं उतरवून दिलं आणि तिथे गाण्यांचे मोठे स्पीकर बसवणार असल्याचं सांगितलं. दाजी "चांगलं हाय" म्हणाले. गाडी फाट्याकडे वळून दिसेनाशी झाली तरी ते रस्त्यातच उभे होते. मग अक्का जाऊन त्यांच्याशेजारी उभी राहिली.

ट्रक विकायच्या आधीच आम्हा सगळ्यांकडे मोबाईल आले होते. दाजींना फोन लावला की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठं आहात?" आणि उत्तरं यायची, तुमकूर, दावणगिरी, बेळगाव. ट्रक गेल्यावरही एकदा मी सवयीनं विचारून बसलो.

"घरीच," ते म्हणाले. आणि मग, लांबच्या गावाहून सांगावं तसं, सावकाश सांगत राहिले, "वसरीवर बसलोय. ऊन पार उंबऱ्यापातुर आलंय. तुमची अक्का समोर वाटाणं सोलतीय."