लेखनिकाची तीन मिनिटं

सभागृहातल्या लांब टेबलाच्या डाव्या टोकाला, पाण्याच्या काचेच्या भांड्याशेजारी, लेखनिकाची खुर्ची होती. एकतीस वर्षं तीच खुर्ची आणि तोच माणूस. बैठकीत कोण काय बोललं ते शॉर्टहँडमध्ये टिपायचं, संध्याकाळी ते टाइप करायचं, दुसऱ्या दिवशी सह्यांना पाठवायचं. शाळेतली ती हाताची घडी, तोंडावर बोट असते ना, त्यातली हाताची घडी तेवढी त्याला माफ होती, तोंडावरचं बोट नव्हतं. लेखनिकाने बैठकीत बोलायचं नाही हा नियम होता, आणि तो कागदावर कुठे होता हे कुणालाही माहीत नव्हतं. कचेरीतली मंडळी त्याला मौनीबाबा म्हणत. त्याला ते लागत नसे. उलट मनातून बरंच वाटत असे, कारण बोलून शेण खाल्लेली माणसं त्याने एकतीस वर्षांत ढिगाने पाहिली होती.

कचेरीत एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं : टिपणात नाही ते घडलंच नाही. गंमत म्हणून म्हणायचे, पण कारभार तसाच चालायचा.

घरी मात्र या माणसाचं वेगळंच सोंग होतं. म्हणजे त्याने ते घेतलं नव्हतं, ते त्याच्या ताईने त्याच्या अंगावर चढवलं होतं. आईवडील गेले तेव्हा तो आठ वर्षांचा आणि ताई वीस. तिने घरी मशीन घेऊन शर्टाच्या कॉलरी शिवल्या, याला शिकवलं, शॉर्टहँडच्या वर्गात घातलं, आणि स्वतःच्या लग्नाचा विषय काढणाऱ्याला दारातूनच परत पाठवलं. भाऊ सभागृहात चिकटला त्या दिवसापासून टेकडीवरच्या चाळीस घरांत तिने एकच गाणं लावलं. "आमचा धाकटा आत बसतो. त्याने लिहिल्याशिवाय तिथे पान हलत नाही." दिव्याची तक्रार असो, नळाची असो, लोक ताईकडे यायचे, ताई त्याला सांगायची, तो हूं म्हणायचा आणि विसरायचा. कधी दिवा आपसूक लागायचा, आणि मग ताईचा तोरा बघावा!

हरभऱ्याच्या झाडावर कुणी चढवलं की खाली उतरायला जिवावर येतं. मी फक्त ऐकतो आणि लिहितो, माझ्या हातात काडीचंही काही नाही, हे सांगायला त्याला एकतीस वर्षांत एक संध्याकाळ सापडली नाही. खरं सांगायचं तर त्याला ती सापडू द्यायचीच नव्हती. बाहेर मौनीबाबा असलेल्या माणसाला घरी कुणीतरी कारभारी म्हणतं, ते कोण सोडेल?

दोन वर्षांपूर्वी ताईच्या मूत्रपिंडांनी संप पुकारला. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस सुरू झालं. त्या मशीनशी तिचं भांडण नव्हतं. "चार तास पडून राहायचं, जन्मात कधी पडले नव्हते ती पडते आता," असं म्हणायची. तिचं भांडण वाटेशी होतं. टेकडीवर गाडी चढत नाही. एकशे अठरा पायऱ्या उतरायच्या, खाली बस धरायची, बाजारात उतरून दुसरी बस, मग दवाखाना. येताना हाताला पट्टी, डोळ्यांसमोर काजवे, आणि पुन्हा त्याच एकशे अठरा. शेजारीण एका बाजूने धरायची, दुसऱ्या बाजूला कठडा. त्यातही कठडा जास्त भरवशाचा, असं ताईच म्हणायची. खाली घर बघू म्हटलं तर खालची भाडी या दोघांच्या हाताला लागण्यातली नव्हती.

आणि घराच्या मागेच, गवतात, ट्रामचे जुने रूळ पडले होते. एके काळी ट्राम टेकडीला वळसा घालून वर यायची, आणि उतरताना थेट दवाखान्याच्या फाटकासमोर थांबायची. काखेत कळसा म्हणतात तो असा. त्यामुळे शहराने ट्रामचा नवा फाटा काढायचं ठरवलं, आणि तळ्याकाठी न्यायचा की टेकडीवर यासाठी जाहीर सुनावणी लावली, तेव्हा ताईच्या अंगात वारं शिरलं. रूळ आहेतच, तारा ओढल्या की वर्षाच्या आत गाडी, असं इंजिनिअरने अहवालात लिहिलं होतं. कागदोपत्री त्या गाडीचं नाव हलकी रेल्वे. हे कळल्यावर ताई म्हणाली, "हलकी असो की जड, दारात आली म्हणजे झालं."

मग एका बुधवारी ती दवाखान्यातून परत येताना सत्तराव्या पायरीवर बसली ती तासभर उठलीच नाही. घरी आल्यावर पाणी प्यायली आणि शांतपणे म्हणाली, "हे बघ, ट्राम येणार असेल तर मी वर्षभर ओढीन. येणार नसेल तर मला आता पुरे झालं. पुढच्या गुरुवारी सुनावणी आहे ना? तिथे काय होतं ते बघते आणि मग शुक्रवारचं ठरवते."

"ताई, असं कुणी ठरवतं का?"

"मी ठरवते."

डायलिसिस थांबवलं तर किती दिवस, हे डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं होतं. पंधरा म्हणजे डोक्यावरून पाणी. त्या रात्री त्याला झोप लागली नाही, आणि पुढच्या आठवडाभरात त्याने कचेरीत चार चुका केल्या. एवढ्या चुका त्याने आधीच्या चार वर्षांत केल्या नव्हत्या.

गुरुवारी सुनावणीला सभागृह भरलं. उजवीकडच्या खुर्च्या तळ्याकाठच्या लोकांसाठी, डावीकडच्या टेकडीच्या. तळ्याकाठचे शंभरएक जण आले होते, आणि का येणार नाहीत? चालू ट्राम सभागृहाच्या दारात थांबते आणि तिचं दुसरं टोक तळ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. डावीकडे साठ खुर्च्या, आणि त्यांवर दोन वर्तमानपत्रवाले, तेही पंखा त्या बाजूला होता म्हणून.

येतील, लेखनिकाने मनाशी म्हटलं. दोन बस बदलायच्या म्हणजे वेळ लागणारच.

अध्यक्षबाईंनी घंटी वाजवली. प्रत्येकाला तीन मिनिटं, जे सभागृहात बोललं जाईल तेच विचारात घेतलं जाईल, पत्रं चालणार नाहीत. तळ्याकाठचे बोलू लागले. हॉटेलवाला बोलला, गाड्या लावायला जागा नाही म्हणून. नौका चालवणारा बोलला. कडेवर मूल घेऊन आलेली एक परिचारिका बोलली, पहाटेच्या पाळीला तिला तळ्याच्या पार पलीकडच्या टोकावरून पाऊण तास चालत जावं लागतं. त्यांचं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. शत्रू निदान लबाड तरी असावा! लेखनिकाची पेन्सिल सगळ्यांचं सारखंच टिपत गेली. तिला कधी आपला-परका कळला नव्हता.

एक वाजता जेवणाची सुट्टी झाली. डावीकडे अजून कुणी नव्हतं. त्याने व्हरांड्यात जाऊन टेकडीवरच्या किराणावाल्याला फोन लावला.

"अहो, निघालात की नाही तुम्ही लोक?"

"कुठे?" किराणावाला म्हणाला. "आम्ही तर दुकान उघडून बसलोय."

"सुनावणी आहे ना आज!"

"आहे की. पण तुम्ही आहात ना तिथे! आमची तयारी होती हो. चाळीस जण निघणार होतो, मास्तरांनी भाषण लिहिलं होतं, फलकसुद्धा रंगवला होता. पण परवा ताई घरोघर आल्या. एवढ्या आजारपणात, जिन्याजिन्याला बसत बसत आल्या. म्हणाल्या, कुणी रोजगार बुडवू नका, आमचा धाकटा आत आहे, तो बरोबर लिहून घेईल. मग आम्ही म्हटलं, बरोबरच आहे, लिहिणाराच आपला आहे म्हटल्यावर बोलायला कशाला जायचं?"

लेखनिकाने फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"हॅलो? काही चुकलं का?" किराणावाल्याने विचारलं. "आत्ता निघू का?"

त्याने घड्याळ पाहिलं. दोन बस, मधली वाट बघणं, दीड तास. दोन वाजता टेकडीचा पुकारा.

"निघा," तो म्हणाला, पण आवाजात जीव नव्हता. पलीकडे त्यालाही ते कळून चुकलं असावं. कारण त्याने ताईंना काही सांगू का असं विचारलं, आणि याने नको, नको म्हणून फोन ठेवला.

डबा त्याने उघडलाच नाही. एक वाक्य, एकतीस वर्षांत एखाद्या संध्याकाळी म्हणायचं एक साधं वाक्य : ताई, मी तिथे काही करू शकत नाही. ते न म्हटल्याची फळं आज चाळीस घरांना मिळणार होती, आणि त्यातल्या एका घरात ती पंधरा दिवसांतच दिसणार होती. आपल्या लबाडीला नाव काय द्यावं हेसुद्धा त्याला कळेना. तो खोटं कधी बोललाच नव्हता.

दोन वाजता अध्यक्षबाईंनी पुकारलं, "टेकडी भाग. कुणी बोलणार आहे?"

पंख्याचा आवाज येत होता.

"टेकडी भाग, दुसऱ्यांदा. आहे का कुणी?" बाई चांगल्या होत्या. त्यांनी शिपायाला बाहेर जाऊन बघायला सांगितलं. शिपाई व्हरांड्यात डोकावला, मान हलवत परत आला. "आश्चर्य आहे," बाई म्हणाल्या. "मला वाटलं होतं तिकडचे लोक जोर करतील. टेकडी, तिसऱ्यांदा."

लेखनिक उभा राहिला.

आपण उभे आहोत हे त्याला पाण्याच्या भांड्याच्या काचेत स्वतःचा शर्ट दिसला तेव्हा कळलं. सगळे मान वळवून त्याच्याकडे बघत होते. टेबलाला पाय फुटून ते चालू लागलं असतं, तरी याहून जास्त नवल वाटलं नसतं.

"अध्यक्षबाई," तो म्हणाला, आणि घसा खाकरला. "मी टेकडीवर राहतो."

कुणीतरी आधी हसलं, मग सगळेच हसले. वाईट हसले नाहीत. लग्नात पोक्त मामाने अचानक नाच केल्यावर हसतात तसं.

अध्यक्षबाईही हसल्या, पण लगेच सावरल्या. "अहो, बसा, बसा. तुम्ही बोललात तर लिहिणार कोण?"

"पण बाई, लोक येणार होते, ते..."

"मला समजतं हो. पण कर्मचाऱ्याला पक्ष घेता येत नाही, उद्या कुणी हरकत घेतली तर सगळी सुनावणी रद्द होईल आणि दोन्हीकडचे लोक माझ्या नावाने बोटं मोडतील. बसा तुम्ही. आणि हे टिपणात घेऊ नका."

ते टिपणात घेऊ नका हे वेगळं सांगायची गरजच नव्हती. त्याने खाली पाहिलं तर वहीत बाईंचं वाक्य होतं, शिपायाचं होतं, हशाही कंसात होता. फक्त त्याचं स्वतःचं वाक्य नव्हतं. हाताला सवयच नव्हती.

मग त्याने पुढचं लिहून घेतलं, कारण बाई सांगत होत्या आणि ते त्याचं काम होतं : टेकडी भागातून कुणीही उपस्थित नाही. सदर भागाचा प्रस्ताव मागणीअभावी दप्तरी दाखल करण्यात येत आहे. नवा फाटा तळ्याकाठी नेण्यास समितीची संमती. उजवीकडे टाळ्या पडल्या. त्यानेही तसंच लिहिलं : टाळ्या.

घराच्या पायऱ्या चढताना मास्तर, किराणावाला आणि आणखी सातआठ जण परत वर जाताना भेटले. बाजारात दुसरी बस मिळाली नव्हती, अर्ध्या वाटेतूनच परतले होते. त्यांचा फलक उलटा धरलेला होता. त्याचा चेहरा पाहून ते थांबले. मास्तरांनी फक्त त्याच्या दंडाला हात लावला. "ताईला एवढ्यात काही सांगू नका," तो म्हणाला. त्यांनी मान डोलावली.

ताई खिडकीशी बसून एका शर्टाला बटणं लावत होती. बोटं सुजली होती, तरी टाका सरळ.

"आलास? झालं का? आपल्याकडचं कुणी बोललं?"

"एक जण बोलला."

"कोण रे?"

"होता एक."

"आणि लिहिलंस ना नीट?"

"लिहिलं."

"मग वाच की. तुझी ती कावळ्याच्या पायांची अक्षरं मला कुठली कळायला."

त्याने पिशवीतून वही काढली. उघडलं ते पान हॉटेलवाल्याचं होतं, गाड्या लावायला जागा नसल्याचं. त्यावर बोट ठेवून तो वाचू लागला. टेकडीवर एक बाई राहते. आठवड्यातून तीनदा तिला दवाखान्यात जावं लागतं. एकशे सोळा पायऱ्या...

"अठरा," ताई म्हणाली.

"अठराच लिहिलंय. चुकून वाचलं." तो पुढे वाचत राहिला. शेजारणीचं वाचलं, कठड्याचं वाचलं, गवतातल्या रुळांचं वाचलं. ती बाई सत्तराव्या पायरीवर बसते ते वाचलं. तिने जन्मभर दुसऱ्यांच्या कॉलरी शिवल्या आणि शहराकडे कधी काही मागितलं नाही, तेही वाचलं. ओळी संपल्या तसा तो पानं उलटत गेला. शेवटच्या पानावर टाळ्या होत्या.

ताईने सुई खाली ठेवली होती. डोळे पुसून ती म्हणाली, "चांगला बोलला रे माणूस. अगदी पोटातलं बोलला. तुला असं बोलता आलं असतं का कधी?"

"नाही ताई."

"तुझं काम लिहायचं. ते तू केलंस, म्हणजे झालंच." तिने दोऱ्याचं रीळ डब्यात टाकलं आणि झाकण लावलं. "तर मग उद्या मला सहाला उठव. गाडी येणारच आहे म्हटल्यावर वर्षभराने काय होतंय? ओढते मी."

तळ्याकाठच्या फाट्याची नोटीस बुधवारी चौकाचौकात लागणार होती, टेकडीच्या पायथ्याशी बसथांब्यावरही, जिथे ताई दवाखान्याची बस धरायची. ती टाइप करायचं काम त्याचंच होतं.

"सहाला उठवतो," तो म्हणाला, आणि त्याने वही मिटली.