सरांची चालण्याची क्रियापदं

“मग आईंनी चालायचं कुठे, तेवढं सांगा. भिंतीवर?”

बायकोने हे विचारलं तेव्हा सर फळा पुसत होते, आणि फळा पुसताना ते कुणालाच उत्तर देत नसत. घरीदारी सगळे त्यांना सरच म्हणत. बायकोही म्हणे, आणि चिडली की जरा जास्तच आदराने म्हणे.

डस्टर खाली ठेवल्यावर ते म्हणाले, “भिंतीवर कशाला? आतल्या खोलीत पलंगाभोवती फिरेल की. व्यायाम तो व्यायाम.”

“पलंगाच्या दोन बाजूंना भिंत आहे, सर. आणि फिजिओच्या बाई काय सांगून गेल्या? वळणं नको, वळतानाच तोल जातो. सरळ चालवा म्हणाल्या. या घरात सरळ जागा एकच, आणि तिथे तुमच्या क्लासची पोरं मार्च करतात.”

“मार्च काल झालं,” सर म्हणाले. “आज स्ट्राइड आहे.”

हे भांडण आई दवाखान्यातून घरी आली तेव्हापासून चाललं होतं. ती न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि एका वॉकरसकट तिला घरी सोडलं. फिजिओच्या बाई दोनदा येऊन गेल्या होत्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी आईची मांडी दाबून पाहिली आणि आवाज खाली आणून सुनेला म्हणाल्या, “या महिन्यात चालल्या तर चालल्या. नाहीतर मग पलंगच.” आवाज खाली आणला तरी आईचे कान शाबूत होते.

सर वाईट मुलगा होते असं कुणी म्हणू नये. आईची औषधं ते स्वतः आणत. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणत, आणि स्कूटरवरून आणत. त्यांना फक्त बाहेरची खोली सोडवत नव्हती, कारण त्यांचं सगळं आयुष्य त्या खोलीत उभं राहिलं होतं.

तरुणपणी ते एका मालवाहतुकीच्या कचेरीत कारकून होते. एकदा मोठे साहेब आले आणि काम कसं चाललंय म्हणून इंग्रजीत विचारलं. सर म्हणाले, “वर्क इज गोइंग.” शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, “वी आर फोर्जिंग अहेड, सर.” काम दोघांचंही सारखंच अडलेलं होतं. केबिन मात्र शेजारच्याला मिळाली. त्या दिवशी सरांना उमगलं की माणूस पुढे जातो तो क्रियापदामुळे. पुढे त्यांनी नोकरी सोडली, बाहेरच्या खोलीतलं सामान आत कोंबलं आणि क्लास काढला.

त्यांची पद्धत त्यांनी स्वतःच शोधलेली होती. क्रियापद वहीत उतरवून काही होत नाही, ते पायात उतरलं पाहिजे. फळ्यावर एक शिडी काढलेली असे. तळाशी शफल, त्यावर रखडत जाणारी प्लॉड आणि ट्रज, मधे साधं बापडं वॉक, आणि वर लांब ढांगांचं स्ट्राइड, मार्च, ॲडव्हान्स. नोकरीच्या शोधातली पोरं, दोन गृहिणी आणि बँकेचा एक वॉचमन दारापासून खिडकीपर्यंत ताड ताड जात आणि जाता जाता “आय ॲम मेकिंग हेडवे” असं मोठ्याने म्हणत. खिडकीशी पोचले की माघारी फिरत. सर खुर्चीत बसून चुका काढत. त्यांच्या टाचा दुखत असत.

आईसाठी जागा द्यायला त्यांची ना नव्हती. फक्त ही बॅच संपू दे, म्हणत. ती संपायच्या आत दुसरी भरायची. “इट इज इन प्रोग्रेस,” असं ते बायकोला सांगत, आणि ती एका दुकानात दिवसभर काउंटरवर उभी राहून गिऱ्हाइकांना ‘माल येतोच आहे’ असं सांगून आलेली असल्यामुळे तिला याचा अर्थ चांगला कळे.

त्या संध्याकाळी तिने उत्तराची वाट पाहिली नाही. स्ट्राइड ऐन भरात असताना तिने आतलं दार उघडलं आणि वॉकर धरलेल्या आईला उंबऱ्याच्या अलीकडे आणून उभं केलं. पोरं आपोआप भिंतीला चिकटली. वॉकर पुढे ठेवल्याचा टक् असा आवाज, मग एक पाय फरशीवरून घासत, मग दुसरा. बायको काठाकाठाने बरोबर चालत होती.

सरांचा चेहरा आधी पडला. मग एकदम उजळला. ते चक्क खुर्चीतून उठले आणि शिडीच्या तळाशी खडूने गोल केला.

“ऑब्झर्व्ह,” ते म्हणाले. “धिस इज नॉट वॉकिंग. धिस इज शफलिंग. लुक ॲट द फीट.”

सगळ्यांनी पायांकडे पाहिलं. वॉचमनने लिहूनही घेतलं. एका गृहिणीने खिडकीशी खुर्ची सरकवली. आई टेकली, दम खाल्ला आणि तिला विचारलं, “काय म्हणाला गं तो?”

“पाय घासत चालणं, आजी,” ती बिचारी चोरट्यासारखी म्हणाली.

“मग बरोबर म्हणाला. इतकी वर्षं शिकवतोय, आज समोरचं बघून शिकवलं.”

जेवताना सर फार खुशीत होते. इतका रंगलेला तास कित्येक दिवसांत झाला नव्हता.

“बघ, सुटला की नाही प्रश्न? तू उगाच डोक्यात राख घालून घेतेस. रोज संध्याकाळी पाच मिनिटं आईने यायचं. तिचा व्यायाम, माझं प्रात्यक्षिक.”

“पाच मिनिटांत मी खिडकीपर्यंत पोचत नाही,” आई म्हणाली.

“मग अर्ध्यातून वळव हिला.”

“वळायचं नाहीये,” बायको म्हणाली.

“अगं, बघू ते. फक्त आई, एक कर.” सरांनी घास खाली ठेवला, कारण मुद्दा महत्त्वाचा होता. “लगेच फार सुधारू नकोस. नवी बॅच सोमवारी सुरू होतेय. त्यांना शफल बघायला मिळालं पाहिजे. नंतर मग तुला हवं तसं चाल.”

बायकोच्या हातातली पळी पातेल्यावरच थांबली. तिने सासूकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत आई नवराबायकोच्या भांडणात एका शब्दाने पडली नव्हती. आपण पडलो की मिटतच नाही, असा तिचा अनुभव होता. आताही तिने आधी तोंडातला घास सावकाश संपवला.

“उद्या सकाळी माझा पलंग बाहेरच्या खोलीत लावा. दाराशेजारच्या भिंतीला. मधे काही ठेवायचं नाही.”

“आणि क्लास?”

“आतल्या खोलीत घे.”

“आई, आत जेमतेम चटई मावते. पोरं चालणार कुठे?”

“चालायचं नाही. बसतील,” आई म्हणाली, आणि वाटी सुनेपुढे सरकवली. “तू बसून शिकवतोस, ती बसून शिकतील. बाहेर मी चालणार.”