चकती थांबेपर्यंत

शेजारच्या नानांनी कालपासून दार उघडलं नव्हतं, फोनही उचलला नव्हता. शेवटी त्यांच्या बहिणीने, शालूताईंनी, लोखंड कापणाऱ्या ग्राइंडरवाल्याला बोलावलं. त्याने चष्मा चढवला, चकतीवरचं गार्ड घट्ट केलं आणि म्हणाला, “ताई, ठिणग्या तुमच्याकडेच उडतील. मागे सरा.”

“मला काय होतंय आता,” त्या म्हणाल्या.

त्याने मशीन सुरूच केलं नाही. मी त्यांना हाताला धरून मागे आणलं, तेव्हा कुठे लोखंडी दाराची कडी कापली गेली. बटण बंद केल्यावरही चकती फिरतच होती.

“ती थांबेपर्यंत कुणी पुढे येऊ नका.”

घेता येण्यासारखी काळजी तेवढीच उरली होती. बाकीचं दाराआड होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना कळलं होतं. चकती हळूहळू थांबली. तरी दार ढकलायला कुणीच पुढे झालं नाही.