बाईंची डावी बाजू

गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत बाई स्टाफरूमच्या दारात उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "बस तर खरं, मग सांगते." कुठं जायचं ते गाडी शहराबाहेर पडल्यावर कळायचं. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला आपल्याला नाही म्हणताच येत नाही.

नांदेडच्या आमच्या शाळेत बाई गणित शिकवायच्या. मीही तिथंच शिकवायचे, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. पन्नाशीत त्या गाडी शिकल्या आणि तेव्हापासून सुट्टी म्हणजे नातेवाईक. कधी किनवटची नणंद, कधी रेणापूरचे मामा. कळवायचं मात्र नाही. "कळवलं की पुरणाचा घाट घालतात. अचानक गेलं की खरी माणसं भेटतात."

त्या शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि आम्ही उदगीरला त्यांच्या मावशीकडे निघालो. मुखेड मागं पडलं. बाई नेहमीसारख्या बोलत नव्हत्या. डावीकडच्या शेतवाटेनं एक मोटारसायकल रस्त्यावर आली. मागं चालवणाऱ्याची बायको, तिच्या मांडीवर लेकरू. मला ती केव्हाची दिसत होती. बाईंनी वेग कमी केला नाही. शेवटी मीच स्टिअरिंग ओढलं. गाडी पलीकडच्या कच्च्या कडेला घासत जाऊन थांबली. लेकराची लाल टोपी काचेजवळून गेली आणि मोटारसायकल न थांबता पुढं निघून गेली, एवढंच मला आठवतं.

"ती कुठून आली गं?"

"समोरच होती, बाई."

बाईंनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. "डाव्या अंगाचं दिसंना झालंय. दोन महिने झाले. घरी कुणाला सांगितलं न्हाई."

मला गाडी चालवता येत नव्हती.

"तू डावीकडचं सांगत राहा, मी चालवते."

मी किल्ली काढून घेतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना नाही म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "लई भ्या वाटून राहिलं गं. दिसतंय तोवर सगळ्यांना बघून यावं म्हटलं."

फोन केल्यावर उदगीरहून मावसभाऊ आला आणि त्यानं गाडी नेली. बाईंना चक्कर आली, असं आम्ही त्याला सांगितलं. मावशीच्या घरी बाई एकेकासमोर बसल्या, हनुवटी धरून तोंड निरखत राहिल्या.

"असं काय बघून राहिलीस?" मावशी म्हणाली. "मी काय चालले का कुठं?"

"माझ्यावानी दिसतीस का, ते बघते."

सगळे हसले.

सोमवारी मी लातूरला त्यांच्या लेकीला फोन करून सगळं सांगितलं. ती मोटारसायकल डोळ्यांपुढून हलत नव्हती. त्या दिवसापासून बाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या.

महिन्याभरात लेक त्यांना न्यायला आली. शाळेच्या फाटकाशी बाई तिच्या शेजारी गाडीत बसल्या. मी खिडकीपाशी, त्यांच्या डाव्या हाताला उभी राहिले. त्यांनी मान वळवली नाही. रागावल्या होत्या की मी दिसलेच नव्हते, कोण जाणे. हाक मारली आणि तरीही वळल्या नाहीत तर, या भीतीनं मी हाक मारलीच नाही.