दोन्हीला हो

नलूमावशी कुणालाही "चहा घेणार ना?" असं विचारत नसत. "काय घेणार?" एवढंच म्हणायच्या आणि ढिम्म बसायच्या. पाहुणा पार अवघडून जायचा.

"शब्द आपण पुरवला की माणूस भिडेखातर हो म्हणतो रे. मग ते उत्तर त्याचं राहत नाही."

अमेरिकेत, पिस्कॅटवेला मी त्यांचा भाडेकरू, पेशाने प्रोग्रामर. मावशी विद्यापीठात डच भाषेवर संशोधन करायच्या. डच वाक्याच्या शेवटी क्रियापदं गोळा होतात. 'पाहिलं आहे' म्हणा की 'आहे पाहिलं', तिकडे बऱ्याचदा दोन्ही चालतं. कोण कुठलं म्हणतं, हे शोधण्यात बाईंनी तीस वर्षं घातली! "याचा उपयोग काय?" मी एकदा विचारलं. "तुझा कोड तरी सहा महिन्यांनी कोण विचारतो?"

रविवारी मी त्यांच्या व्हिडिओ मुलाखती रेकॉर्ड करून द्यायचो. प्रत्येक वाक्य त्या दोन्ही क्रमांनी विचारत. एकदा एक डच आजोबा अडखळले, म्हणून मी शहाण्यासारखा छापील वाक्य कॅमेऱ्यापुढे धरलं. मावशींनी अख्खी मुलाखत कॅन्सल केली. "घाई तुला होती. त्यांना नव्हती."

गेल्या हिवाळ्यात त्यांना पक्षाघात झाला आणि वाचा गेली. अल्फारेटाहून विमानाने त्यांची मुलगी, रेवा, आली. आईला घरी न्यायचं की नर्सिंग होममध्ये, म्हणजे तिथल्या शुश्रूषागृहात, कायमचं ठेवायचं, याचं उत्तर हॉस्पिटलला त्याच दिवशी हवं होतं.

"दादा, यू आस्क हर. माझं मराठी... यू नो."

"मावशी, घरी जायचं?" त्यांनी मान हलवली. हो. माझा जीव भांड्यात पडला. पण त्यांच्याच हाताखाली शिकलेलो ना, उलटंही विचारलं. "नर्सिंग होममध्ये राहायचं?"

तश्शीच मान हलली. हो.

मग मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला काय हवंय?" आणि गप्प बसलो. त्यांचे ओठ हलत राहिले, डोळे भरून आले, शब्द काही फुटेना. मला रडू यायला लागलं. नर्स फॉर्म घेऊन दोनदा डोकावली. घरी चोवीस तास बघणार कोण, हे रेवाला माहीत होतं आणि मलाही.

"शी सेड येस टु द नर्सिंग होम, राइट?" रेवाने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

आता दर रविवारी मी तिथे जातो. "काय घेणार, मावशी?" विचारतो आणि गप्प बसून राहतो. आता मला कसलीच घाई नसते.